मूळ पुरुषाचा शोध आणि राणूबाईंचे घर

आपल्या भागातील कोणत्याही जुन्या घरात जाऊन बसावे आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारावे, ‘तुमचे मूळचे गाव कोणते?’ की एक कथा ऐकावयास मिळते. कोणी सांगतात, आमचा मूळ पुरुष दुष्काळात दक्षिणेकडून आला. कोणी सांगतात, भाऊबंदकीला कंटाळून तो एका घोड्यावर बसून निघाला आणि गोदावरी ओलांडून इकडे राहिला. कुलदैवत तुळजापूरचे, माहूरचे किंवा जेजुरीचे असते आणि तेवढ्यावरून घराणे कुठून आले असावे याचा अंदाज बांधला जातो. मत्स्योदरीच्या छायेत वसलेल्या आपल्या अंबडमध्येही अशी कथा नसलेले घर विरळाच.

ह्या कथा खऱ्या की खोट्या? आणि खऱ्या असतील तर किती खऱ्या? हे पडताळून पाहण्याची काही रीत आहे काय? वर्धापनदिनाच्या निमित्ताने भगिनींपुढे हाच विषय ठेवावा असे वाटले. त्यासाठी उदाहरणही दूरचे घ्यावयास नको. आपल्या शेजारचे जांब, म्हणजे समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव, आज घनसावंगी तालुक्यात गेले असले तरी पूर्वी ते अंबड तालुक्यातच गणले जाई. तेथील ठोसर घराण्याचा मूळ पुरुष आणि त्या घराण्यातील एक स्त्री, ह्या दोघांचा माग कागदपत्रांतून कुठवर लागतो हे आपण पाहू.

समर्थ संप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत अशी आहे. ठोसर घराण्याचे मूळ पुरुष कृष्णाजीपंत. ते शके ८८४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९६२ च्या सुमारास, बेदर प्रांतातून दुष्काळामुळे निघाले व गोदातीरी हिवरे येथे येऊन राहिले. त्यांच्या पुत्रांपैकी दशरथपंत यांनी जांबेची वस्ती धरली. तेथील कुळकर्ण त्यांच्या वंशात चालत आले आणि त्याच वंशात पुढे सूर्याजीपंत झाले. सूर्याजीपंत व राणूबाई यांचे धाकटे पुत्र नारायण, म्हणजेच आपले समर्थ. घराणे देशस्थ ऋग्वेदी, गोत्र जामदग्न्य आणि उपासना सूर्याची व रामाची.

ऐकावयास ही हकीकत किती नेटकी आहे! सन आहे, गाव आहे, मुलांचा हिशेब आहे. परंतु इतिहासाचा अभ्यास करणारा मनुष्य येथे थांबून पहिला प्रश्न विचारतो तो हा की, हे लिहिले कोणी आणि केव्हा? समर्थांच्या चरित्राचा जो विस्तृत वृत्तान्त आपणांस मिळतो तो मुख्यतः हनुमंतस्वामींच्या बखरीतून. हे हनुमंतस्वामी समर्थांचे वडील बंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायात ‘श्रेष्ठ’ म्हणतात, त्यांच्याच वंशातले. बखर लिहिली गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी. म्हणजे समर्थांच्या जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि कृष्णाजीपंतांच्या सांगितलेल्या काळाला तर आठशेहून अधिक वर्षे झाली होती. आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट घरातल्या आठवणीवर किती टिकेल? आपल्यापैकी कितीजणींना आपल्या पणजीच्या आईचे नाव सांगता येईल, एवढे मनाशी विचारले तरी उत्तर मिळते.

दुसरी कसोटी मजकुराची. कागद जेव्हा जुना नसतो तेव्हा त्यातील शब्द आपले वय सांगतात. ‘कृष्णाजीपंत’, ‘दशरथपंत’ ही नावांची धाटणी दहाव्या शतकातील नव्हे. आपल्या भागातील जुन्या दगडी देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. पण देवगिरीच्या यादवांच्या त्या प्रधानाने आपल्या ग्रंथांत स्वतःला हेमाद्री असे म्हटले आहे. त्याचा ‘हेमाडपंत’ पुढच्या काळाने केला. तीच गोष्ट ‘बेदर प्रांता’ची. बेदर शहराला मोठेपण आले ते बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी तेथे हलविली त्यानंतर. इसवी सन ९६२ मध्ये हा सगळा मुलूख राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या अमलाखाली होता आणि राजधानी होती मान्यखेट, म्हणजे आजचे मालखेड. तेव्हा ज्याने ही हकीकत लिहिली त्याने आपल्या काळच्या शब्दांत जुनी आठवण सांगितली, असे म्हणावे लागते.

मग ही कथा टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. आठवणीत सन डळमळतो, नावांना नवा पेहराव चढतो, पण गाभा पुष्कळदा टिकून राहतो. ‘आम्ही दक्षिणेकडून आलो, दुष्काळामुळे आलो, गोदावरीच्या काठी वस्ती केली आणि गावचे लिखाण हाती घेतले’, हा तो गाभा. आणि तो ह्या प्रदेशाच्या इतिहासाशी जुळणारा आहे. दहाव्या शतकात बेदरचा मुलूख आणि गोदातीर एकाच राज्यात होते. म्हणजे हा प्रवास परमुलखातला नव्हता. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा भयंकर दुष्काळ पडला. तो बारा वर्षे चालला असे लोक सांगत आले. गावेच्या गावे ओस पडली. बहामनी अमलात ती पुन्हा वसविण्यासाठी दादो नरसू काळे व एक तुर्की खोजा यांना पाठविले होते, असे ग्रँट डफ आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद करतो. ओस गाव पुन्हा वसवायचे तर जमीन कसणारा हवा, तसा हिशेब ठेवणाराही हवा. आपल्या मराठवाड्यातील किती घराण्यांचा मूळ पुरुष अशाच एखाद्या दुष्काळानंतरच्या वसाहतीत आला असेल! ठोसरांचा मूळ पुरुष नेमका कोणत्या शतकात आला हे ठरविणारा कागद नसला तरी तो ज्या वाटेने आला ती वाट खरी आहे.

आता आपण अधिक घट्ट जमिनीवर येऊ. सूर्याजीपंतांच्या पिढीपासून मात्र कागद बोलू लागतात. समर्थांचे स्वतःचे ग्रंथ आहेत, त्यांनी वडील बंधूंना लिहिलेली पद्यात्मक पत्रे आहेत. श्रेष्ठांचे ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे ग्रंथ आहेत. संप्रदायात ‘वाकेनिशी टिपण’ ह्या नावाने ओळखली जाणारी थोडक्यातली टिपणे आहेत, त्यांत अलंकार नाहीत, केवळ घटना व मित्या आहेत. समर्थांच्या सहवासात वाढलेल्या गिरिधरस्वामींचा ‘समर्थप्रताप’ आहे. शिवाय चाफळ संस्थानाकडील सनदा व पत्रे आहेत. हा सर्व ठेवा मठामठांतून, माळ्यावरच्या दप्तरांतून विखुरलेला होता. तो गोळा करण्यासाठी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी आपले आयुष्य वेचले. १८७१ मध्ये जन्मलेल्या आणि १९५८ मध्ये दिवंगत झालेल्या ह्या गृहस्थांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, गावोगाव हिंडून रामदासी बाडे मिळविली, कल्याणस्वामींच्या डोमगावच्या मठातील दासबोधाची प्रत लोकांपुढे आणली आणि हा संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात सुरक्षित ठेवला. त्यांनी ती बाडे उतरून घेतली नसती तर पुष्कळशी वाळवीच्या तोंडी गेली असती.

ह्या कागदांच्या आधारे आपण राणूबाईंच्या आयुष्याचा धागा धरून पाहू. समर्थांचे चरित्र आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकले आहे. परंतु त्या घरातील बाईच्या बाजूने ते क्वचितच पाहिले गेले आहे.

श्रेष्ठांचा जन्म शके १५२७ चा, म्हणजे १६०५ चा. समर्थांचा शके १५३० च्या रामनवमीचा, म्हणजे १६०८ चा. त्या वेळी हा मुलूख निजामशाहीत होता आणि कारभार मलिक अंबराच्या हाती होता. जमिनीची पाहणी करून धारा बांधण्याबद्दल हा वजीर प्रसिद्ध आहे. त्याने १६१० च्या सुमारास खडकी शहर वसविले, तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. सूर्याजीपंत गावचे कुळकर्णी, म्हणजे ह्या नव्या धाऱ्याचा हिशेब त्यांच्याच ओसरीवर लिहिला जात असणार. अशा घरात राणूबाई नांदत होत्या. १६१५ मध्ये, म्हणजे शके १५३७ मध्ये, सूर्याजीपंत वारले असे संप्रदायाची परंपरा सांगते. थोरला मुलगा दहा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. वतन मुलाच्या नावे चालले असेल, पण दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीमागे उभे राहून ते सांभाळले कोणी, हे कागद सांगत नाही. ते सांगावयास कागदाची गरजही नाही.

पाच वर्षांनी, १६२० मध्ये, आसनगावी धाकट्याचे लग्न ठरले. अंतरपाट धरला होता, ब्राह्मणांनी ‘सावधान’ म्हटले आणि नारायण बोहल्यावरून निघून गेला. ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? तो नाशिकजवळ टाकळीस गेला, बारा वर्षे तप केले, बारा वर्षे तीर्थाटन केले आणि एकूण चोवीस वर्षांनी, १६४४ च्या सुमारास, जांबेस येऊन आईच्या दारात उभा राहिला.

ही चोवीस वर्षे आपण नुसती संख्या म्हणून ऐकतो. पण त्या काळाच्या तवारिखा व इतिहास उघडून त्या वर्षांत ह्या मुलखावर काय काय कोसळले ते पाहिले म्हणजे आईची चोवीस वर्षे म्हणजे काय हे कळू लागते. १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि निजामशाहीचा कणा मोडला. १६२९ मध्ये आपल्याच पट्ट्यातील सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची दौलताबादेच्या किल्ल्यात, भर दरबारात हत्या झाली. जिजाबाईंचे ते वडील. १६३० मध्ये पावसाने दगा दिला आणि दोन वर्षे दक्षिणेत व गुजरातेत असा दुष्काळ पडला की शहाजहानच्या दरबारी इतिहासकारालाही त्याचे वर्णन करावे लागले. देहूस तुकोबांची पहिली पत्नी त्याच दुष्काळात अन्नावाचून गेली. त्याच सुमारास मोगलांच्या फौजा ह्या मुलखात फिरत होत्या. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाहीच बुडाली आणि जांबेचा धारा आता मोगलांच्या कचेरीत जाऊ लागला. ह्या साऱ्या काळात राणूबाई जांबेसच होत्या. मुलगा परत आला तेव्हा रडून रडून त्यांची दृष्टी गेली होती असे परंपरा सांगते. हा तपशील कागदाने सिद्ध होण्यासारखा नाही. परंतु ज्या आईने ही चोवीस वर्षे अशा मुलखात काढली तिच्याविषयी लोकांच्या मनात अशी कथा का जन्मली हे समजण्यास कोणता कागद हवा?

मुलगा घरी राहिला नाही. आईचा निरोप घेऊन तो कृष्णातीरी गेला, १६४८ मध्ये चाफळास राममंदिर उभे राहिले आणि पुढील कार्य आपणांस ठाऊक आहे. राणूबाई १६५५ मध्ये, शके १५७७ मध्ये, जांबेसच वारल्या. त्या वेळी समर्थ त्यांच्याजवळ होते असे परंपरा सांगते. तेव्हा दक्षिणेच्या सुभ्यावर औरंगजेब होता. थोरला मुलगा पन्नाशीचा होता, त्यावरून राणूबाईंचे वय सत्तरीच्या आसपास असावे. निजामशाही पाहिली, ती बुडालेली पाहिली, मोगलाई पाहिली. तीन राजवटींची कामे करणाऱ्या मोठ्या मुत्सद्द्यांविषयी ग्रंथ लिहिले जातात. राणूबाईंनी हे सर्व एका घराच्या उंबऱ्यातून पाहिले.

आता भगिनींनो, थोडे उलट बाजूनेही पाहू. राणूबाईंविषयी जे आपणांस कळते ते का कळते? मुलगा रामदास झाला म्हणून. त्यांच्या सासूबद्दल, सासूच्या सासूबद्दल घराण्याच्या कथेत काय येते? कृष्णाजीपंत आले, दशरथपंतांनी वस्ती केली. पण कृष्णाजीपंत एकटेच आले काय? दुष्काळात बेदरहून गोदातीरापर्यंत डोक्यावर बोचके घेऊन, कडेवर मूल घेऊन जी चालली असेल तिचे नाव कोणत्या ओळीत आहे? आसनगावच्या त्या मांडवात अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला एक लहानगी मुलगी उभी होती. ‘सावधान’ हा शब्द तिच्याही कानांवर पडला होता. कीर्तनात तिचे नाव येते काय? आपल्यापैकी किती जणींना ते ठाऊक आहे?

ह्याचे कारण कोणाचा द्वेष हे नव्हे. कागद कशासाठी लिहिला जात असे हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो. कागद लिहिला जाई वतनासाठी, सारा वसुलीसाठी, इनामासाठी आणि तंट्यासाठी. ज्याच्या नावाने जमीन, त्याचे नाव कागदावर. म्हणून ज्या स्त्रियांच्या हाती अधिकार आला त्या कागदावर आल्या. समर्थांच्याच संप्रदायात पाहा. वेणाबाईंकडे मिरजेचा मठ होता, अक्काबाईंनी समर्थांच्या पश्चात सज्जनगडाची व्यवस्था पाहिली, म्हणून त्यांची नावे राहिली. होळकरांच्या अहिल्याबाई १७९५ पर्यंत राज्य चालवीत होत्या. त्यांची पत्रे आहेत, हिशेब आहेत, आणि आपल्या अंबडला त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पुष्करणीही आहे. ज्यांच्या हाती केवळ घर होते त्यांचे नाव घरापुरतेच राहिले, आणि घर बदलले की तेही गेले. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले गेले की माहेरच्या नावाचा धागा तेथेच तुटे.

सर्वच देशांत असेच झाले काय? येथे दोन परदेशी उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले उत्तर अमेरिकेतील अकेडियाचे. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेल्या शेतकऱ्यांची ही वसाहत. १६७१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज राज्य करीत असता, एका धर्मोपदेशकाने तेथील घराघरांची शिरगणती केली. सुमारे चारशे माणसांची ती यादी आहे. तीत कर्त्या पुरुषाचे नाव, गुरे किती, जमीन किती हे तर आहेच. पण त्याच्या पत्नीचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहिलेले आहे. पुढे १७५५ पासून इंग्रजांनी ह्या लोकांना घरेदारे जाळून देशोधडीला लावले, कुटुंबे फुटली, कोणी लुइझियानात, कोणी फ्रान्समध्ये जाऊन पडले. आज त्यांचे वंशज आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेतात तेव्हा त्यांना मूळ स्त्रीही सापडते. कारण एका लेखणीने माहेरचे आडनाव लिहून ठेवण्याइतकी काळजी घेतली होती.

दुसरे उदाहरण आपल्याच मराठी माणसांचे आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर मॉरिशस बेटात नेले जाऊ लागले. उसाच्या मळ्यांसाठी सुमारे साडेचार लाख माणसे तेथे गेली. बहुतेक कलकत्ता व मद्रासहून, तर काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या बंदरात दगडी पायऱ्या चढून ती वर आली की कारकून रजिस्टर उघडून बसलेला असे. तो प्रत्येकाला एक क्रमांक देई आणि लिही: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज. पुढे पुढे छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. ह्यांत बायाही होत्या. जहाजावर स्त्रियांचे ठराविक प्रमाण असावे असा सरकारने पुढे नियमच केला होता. बंदरातील ती जागा आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जतन केली असून २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. ती रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे आज तेथे जाऊन आपल्या पणजोबांचा, पणजीचा क्रमांक शोधतात आणि त्यावरून रत्नागिरीतील गावापर्यंत येऊन पोचतात. कारकुनाने नाव कानाने ऐकून आपल्या स्पेलिंगात लिहिलेले असते. म्हणून एकच गाव तीन प्रकारे वाचून पाहावे लागते, पण शेवटी माग लागतो.

ही नोंद मायेपोटी झालेली नव्हती हे खरे. मजूर पळून जाऊ नये, करार मोडू नये म्हणून ती होती. तरीही विचार करण्यासारखी गोष्ट आहे ती ही की, परमुलखात मजूर म्हणून गेलेल्या एका मराठी बाईचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि तिची उंचीसुद्धा आज सापडते. तिच मागे गावात राहिलेली सख्खी बहीण मात्र कोणत्याच कागदावर नाही.

मग आपल्याकडे काहीच नाही काय? आहे, शोधावे मात्र लागते. पहिली जागा श्राद्धाच्या संकल्पाची. तेथे बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे उच्चारावी लागतात. त्यामुळे ज्या घरांत हा विधी चालत आला तेथे तीन पिढ्यांच्या बायकांची नावे तरी शाबूत असतात. चौथी पिढी आली की पहिले नाव गळते. तेव्हा गळण्यापूर्वी ते वहीत उतरून घ्यावे. दुसरी जागा पैठण, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांची. यात्रेस आलेल्या यजमानाचे गाव, कूळ, सोबतची मंडळी त्यांत लिहिलेली असतात व वारसाने त्या वह्या पुढे चालत येतात. तिसरी जागा सरकारी दप्तराची. आमच्या मराठवाड्यात १९५४ च्या सुमारास झालेली खासरा पाहणी आजही जमिनीच्या कामी दाखल्यासाठी पाहिली जाते. त्याआधीचे निजामी कागद उर्दूत व फारसीत, गावपातळीवरील जुने कागद मोडीत. शहाजहान व औरंगजेब यांच्या अमदानीतील दक्षिणेचे मोगल दप्तरही मोठ्या प्रमाणात हैदराबादच्या अभिलेखागारात आहे. म्हणजे ज्या काळात राणूबाई जांबेत होत्या, त्या काळचे कागद अगदीच नाहीसे झालेले नाहीत.

२०२३ पासून आपल्या भागात जुन्या नोंदींचा केवढा शोध सुरू झाला हे आपण सर्वजणींनी पाहिले. ज्यांनी कधी मोडीचे अक्षर पाहिले नव्हते तेही मोडी वाचणाऱ्याचे घर विचारीत आले. पणजोबांच्या नावाचा एक शब्द सापडावा म्हणून तहसिलीत, शाळेच्या जुन्या दाखल्यांत, मृत्यूच्या नोंदींत माणसे दिवस दिवस बसली. कागदाचे मोल काय असते हे त्या वेळी घराघरांत उमगले. त्या वंशावळी बापाकडून वर चढत गेल्या. कायद्याच्या कामी तसेच लागत असेल. परंतु घरातील वहीत आपण जी वंशावळ लिहू तिला ती मर्यादा कोणी घातली आहे?

आणि काळही थोडा बदलला आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असे लिहिले जाते. म्हणजे आणखी शंभर वर्षांनी कोणी आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेऊ लागला तर त्याला निदान आजच्या आया सापडतील. पण त्या आयांच्या आया, आणि त्यांच्याही आया, ज्यांची नावे अजून आपल्या सासूबाईंच्या, मोठ्या जाऊबाईंच्या, माहेरच्या आत्याबाईंच्या ओठांवर आहेत, त्यांची नोंद कोणते सरकार करणार? ती आपणच केली पाहिजे.

म्हणून मंडळाच्या भगिनींना एक विनंती आहे. प्रत्येकीने एक साधी वही घ्यावी. डाव्या पानावर सासरची आणि उजव्या पानावर माहेरची, जितक्या पिढ्या आठवतील तितक्या बायकांची नावे लिहावीत. नाव लग्नाआधीचे व लग्नानंतरचे अशी दोन्ही लिहावीत. माहेरचे गाव लिहावे. जन्माचा सन ठाऊक नसेल तर ‘मोठ्या पुराच्या साली’, ‘रझाकारांच्या वेळी’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असे जे सांगितले जाईल ते तसेच लिहावे. त्यावरून सन काढता येतो, जसा आपण राणूबाईंच्या आयुष्यात १६३० चा दुष्काळ बसवून पाहिला. ऐकीव गोष्ट असेल तर ‘असे सांगतात’ म्हणून लिहावी आणि कागद पाहिला असेल तर कोणता, कोणाजवळ, ते लिहावे. हा एवढा भेद पाळला तरी पुढच्यांचे निम्मे श्रम वाचतील. जुने कागद घरात असतील तर ते रद्दीत घालू नयेत, लोखंडी पेटीत कोरडे ठेवावेत, आणि त्यांची छायाचित्रे दोन ठिकाणी असू द्यावीत. वडीलधाऱ्या बायकांना दुपारच्या वेळी, हातातले काम सुटले असता, शांतपणे विचारावे. त्यांना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्याही लिहून घ्याव्यात, कारण माहेरच्या गावांची नावे पुष्कळदा तेथेच दडलेली असतात.

ठोसरांच्या घराण्यात मूळ पुरुषाचे नाव राहिले, त्याच्याबरोबर चालत आलेल्या स्त्रीचे गेले. राणूबाईंचे नाव राहिले ते पुत्राच्या पुण्याईने. तुमच्या आमच्या घरांत रामदास जन्मेल न जन्मेल. परंतु घर चालविणारी बाई प्रत्येक पिढीत होती व आहे. तिचे नाव वहीत लिहिण्यास एका ओळीची जागा लागते. ती जागा आजच राखून ठेवा, म्हणजे आपल्या नातींना आपला शोध घेताना आसनगावच्या त्या अनाम नवरीपाशी येऊन थांबावे लागणार नाही.